आधी ऐकायचं, मग बोलायचं

एका खोलीत दहा-दहा बिनतारी यंत्रं असतात, सगळी एकाच लहरीवर बोलणारी, मग त्यांची भांडणं होत नाहीत का, असं मला लोक नेहमी विचारतात. मी सांगतो, होत नाहीत. कारण त्यांना माणसांनी शिस्त लावलेली असते, आणि ती शिस्त लावणारी माणसं स्वतःच्या घरात ती कधीच पाळत नाहीत. यंत्राला काही सांगायचं असलं की ते आधी कान देतं. कुणी बोलत असेल तर गप्प बसतं. सगळं शांत झालं तरी लगेच तोंड उघडत नाही. मनाशी एक छोटा आकडा धरतं, तेवढं थांबतं, पुन्हा ऐकतं आणि मगच बोलतं. प्रत्येकाचा आकडा वेगळा, म्हणून सहसा दोघं एकदम सुरू होत नाहीत. झालेच, तर दोघांचंही बोलणं वाया जातं आणि पुढच्या वेळी दोघंही आधीपेक्षा जास्त वेळ थांबतात. पुन्हा टक्कर झाली तर त्याहून जास्त. माझं काम हे थांबणं मोजायचं. लोक बोलण्याचे पैसे घेतात, मी थांबण्याचे घेतो.

गेली काही वर्षं आमच्या प्रयोगशाळेत फार उंच पट्ट्यातल्या लहरींवर काम चालतं. या लहरी अख्खा सिनेमा डोळ्याची पापणी लवायच्या आत पोचवतात, पण अंगाने अगदी नाजूक. भिंत आली की संपल्या, दार लावलं की संपल्या, मध्ये माणूस उभा राहिला तरी अडतात. म्हणून एका खोलीतली गोष्ट त्या खोलीतच राहते. शेजारच्यांची कटकट नसते. मला त्या त्यासाठीच आवडतात.

प्रयोगशाळेत सगळं सुरळीत चाललं की यंत्रं खऱ्या घरात नेऊन बघावी लागतात. माझं घर म्हणजे एक खोली आणि एक खाट, तिथे काय कप्पाळ बघणार? म्हणून मी ती ताईच्या हॉलमध्ये नेली.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती घरी पडदे शिवते. तिच्या हॉलमध्ये जगाच्या खिडक्यांचे पडदे ढिगाने पडलेले असतात आणि स्वतःच्या खिडकीला मात्र जुनी चादर, त्यावरून मी तिला चिडवतो. खिडकीपाशी शिलाई मशीन, समोर सोफा, कोपऱ्यात उंच कपाट. भाऊजी चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. ते मोजकंच बोलतात, आणि जे बोलतात ते बहुतेक चहाबद्दल असतं. त्या घरातलं बाकीचं सगळं बोलणं एकेकाळी भिंगरी करायची.

भिंगरी ही ताईची पहिली मुलगी. पाय एका जागी ठरत नसे म्हणून ते नाव पडलं, आणि पायांपेक्षा जीभ जास्त फिरायची. डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. पाच वर्षांची असताना तिला ताप आला, तो छातीत उतरला आणि आठवडा संपायच्या आत ती गेली. शेवटी मी दवाखान्यात तिच्या उशाशी होतो. माझा तिच्यावर फार जीव होता. आजही तिच्याबद्दल मी थोडक्यात आटोपतो.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी ताईला दुसरी मुलगी झाली. पाळण्यात डोकावून ताई म्हणाली, "आली परत माझी भिंगरी." आम्हाला वाटलं, दुःखाच्या भरात म्हणतेय, ओसरेल. ओसरलं नाही. घरातलं नाव तेच, शाळेतलं नाव तेच. तेच फ्रॉक, तीच खाट, तीच प्यायच्या पाण्याची हिरवी बाटली. कपाटाच्या कडेला पेन्सिलीने उंचीच्या रेघा मारलेल्या होत्या, त्याच रेघांना लावून धाकटीला उभं करायचे. कुणी काही बोललं नाही. जिनं एवढं सोसलं तिला अडवायला कुणाची जीभ रेटणार?

मी मात्र धाकटीला ढब्बू म्हणायचो. अंगाने काडी, म्हणून ढब्बू. मामाला तेवढा हक्क असतो.

ढब्बू बोलत नसे. म्हणजे मुकी नव्हती. पाणी, नको, मामा, असे सुटे शब्द कधीमधी यायचे, तेही घाईघाईने, रहदारीत रस्ता ओलांडल्यासारखे. पाच पूर्ण झाली तरी अख्खं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. कानांच्या डॉक्टरांनी कान तपासले, कान माझ्याहून चांगले निघाले. जिभेत दोष नाही, घशात दोष नाही. उच्चार शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा घरी येत, चित्रं दाखवत आणि ढब्बू हसून चित्राकडे बोट करी. शाळेने तर सांगून टाकलं होतं की पुढच्या वर्गात हिला घेता येणार नाही, वेगळ्या मुलांच्या शाळेत घाला. ताईनं ते ऐकलं त्या दिवशी तिच्या हातून कुणाचा तरी महागाचा पडदा उलटा शिवला गेला. भाऊजी चहासुद्धा विसरले. या मुलीचं पुढे काय होणार, हा एकच प्रश्न त्या घरात सगळ्यांच्या मनात होता, आणि तो कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

मी यंत्रं लावली. भिंतीवर चित्राचा पडदा, कपाटावर ते पाठवणारी डबी, सोफ्याच्या बाजूला गाण्याचा भोंगा. तिघांनी मिळून एकच वाट वापरायची. दारं-खिडक्या लावल्या, म्हणजे हॉल बाहेरच्या जगापासून बंद. असली सोपी परीक्षा पहिलीतलं पोरही पास होईल.

यंत्रं अडखळायला लागली. चित्र मध्येच गोठायचं, गाणं तुटायचं. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. पण आतला हिशेब पाहिला तर बिघाड कुठेच नव्हता. यंत्रं थांबत होती. अगदी शिस्तीत, ठरल्यासारखी थांबत होती. तिघांनाही बोलायचं होतं, तिघंही आधी ऐकत होती, आणि तिघांनाही ऐकू येत होतं की आत्ता कुणीतरी बोलतंय.

त्या हॉलमध्ये त्या लहरीवर बोलणारं चौथं काही नव्हतं. मी सोफा उलटा केला. कपाटाच्या मागे हात घातला. ताई म्हणाली, "झुरळ शोधतोयस का रे?"

दुसऱ्या दिवशी मी हे टाचणीला सांगितलं. टाचणी माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. नाव तिला मी ठेवलेलं नाही, पण ज्याने ठेवलं त्याला माणसं कळत होती. ती म्हणाली, "जुनं यंत्र राहिलंय का कुठे घरात? एकाच नंबराची दोन झाली असतील."

हा आमच्याकडचा नेहमीचा आळशीपणा आहे. प्रत्येक यंत्राला स्वतःचा नंबर असतो, त्याच नंबराने त्याला हाक मारली जाते आणि ते उत्तर देतं. एखादं मेलं की त्याच्या जागी आणलेल्या नव्याला नवा नंबर द्यावा, हे बरोबर. पण मग बाकीच्या सगळ्यांना तो नव्याने शिकवत बसावं लागतं. म्हणून कुणीतरी शहाणा जुन्याचाच नंबर नव्याला देऊन मोकळा होतो. चालतंही. फक्त जुनं खरोखर मेलेलं असायला हवं. खणात टाकलेल्या जुन्यात थोडा जरी जीव उरला असला, तर हाक मारली की दोघंही उत्तर देतात, एकाचंही कळत नाही. नवं बिचारं टक्कर झाली म्हणून जास्त थांबतं, मग आणखी जास्त, शेवटी उभं आयुष्य थांबण्यातच घालवतं.

"माझी यंत्रं कोरी आहेत," मी म्हणालो. "आधी तिथे काही नव्हतंच."

"मग घरात भूत आहे," टाचणी म्हणाली आणि डबा खायला निघून गेली.

पुढच्या रविवारी मी दुपारभर ताईच्या हॉलमध्ये मांडीवर संगणक घेऊन बसलो. ताई मशीनवर होती. ढब्बू खिडकीखाली कापडाच्या चिंध्या रंगांप्रमाणे लावत होती. यंत्रं मजेत चालली होती, संगणकावर त्यांच्या बोलण्याच्या रेघा हलत होत्या. मग ताईनं मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं आणि हाक मारली, "भिंगरी, कात्री दे गं."

संगणकावरच्या रेघा सपाट झाल्या. तिन्ही यंत्रं गप्प. वाट मोकळी नाही.

मी मान वर केली. ढब्बूनं तोंड उघडलं होतं. ओ द्यायला म्हणून उघडलं, मान किंचित तिरकी केली, कान दिला आणि तोंड मिटलं. थोडं थांबली. पुन्हा उघडलं, पुन्हा कान दिला, पुन्हा मिटलं. या वेळी जास्त थांबली. मग उठून मुकाट्याने कात्री देऊन आली.

मी हे थांबणं ओळखतो. माझं पोट त्यावर चालतं. दमलेलं मूल असं थांबत नाही, लाजरं मूलही नाही. समोरच्याचं संपायची वाट बघणारा असा थांबतो.

ताईचा हात अजून चाकावर होता. कात्री मिळाली होती, तरी ती क्षणभर तशीच बसून राहिली होती, काहीतरी ऐकावं तशी. मग तिनं मशीन सुरू केलं. रेघा हळूहळू पुन्हा हलायला लागल्या. त्या दुपारी तिनं जितक्या वेळा त्या नावानं हाक मारली, तितक्या वेळा हेच झालं. मी ढब्बू म्हणून हाक मारली तेव्हा रेघांना काही झालं नाही, पण एव्हाना पोरीला त्या घरात गप्प राहायची सवयच जडलेली होती.

मी कुणाला काही बोललो नाही. मला माझीच लाज वाटत होती. पण शंका आली की तपासायची, एवढंच मला शिकवलेलं आहे. आमच्या प्रयोगशाळेत एक पोलादी खोली आहे, आम्ही तिला कोठी म्हणतो. भिंती, छत, दार, सगळं पोलादाचं. आतून काळ्या स्पंजाचे सुळके लावलेले, छतापासून जमिनीपर्यंत. बाहेरची कुठलीही लहर आत येत नाही, आतली बाहेर जात नाही, आणि आत गेलेला आवाजसुद्धा स्पंजात विरून जातो. मी विचार केला, घरातलं जे काही आहे ते भिंतीपलीकडे जाऊ शकत नसेल, तर कोठीत ते येणार नाही. मामाचं ऑफिस दाखवतो म्हणून मी ढब्बूला घेऊन गेलो.

आत एक दिवा, दोन स्टुलं आणि माझी यंत्रांची जोडी. मी दार ओढून घेतलं. ढब्बू स्टुलावर पाय हलवत बसली. तिनं सवयीनं मान तिरकी केली.

तशीच राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, इथे कुणीच नाहीये."

"नाही बाळा. आपण दोघंच."

मग ती बोलायला लागली. काय सांगू तुम्हाला. बाबांच्या दुकानात एका काचेतून मुंगी बघितली तर तिला गुडघे होते. शाळेतल्या बाई शिंकल्या की खडू उडतो. डावा बूट चावतो, उजवा चावत नाही, कारण उजवा चांगला आहे. चिंध्यांमधला निळा रंग तिचा, आणि हिरवा तिनं मला ठेवलाय, पण मी मागितला तरच देणार आहे. पाच वर्षांचं साठलेलं बोलणं होतं ते. अख्खी वाक्यं, त्यांना जोडून आणखी वाक्यं, धाप लागली तरी थांबायला तयार नाही. मी तोंडावर रुमाल धरून रडत होतो, आणि मध्ये मध्ये "अस्सं? मग?" म्हणत होतो.

तिला दम लागला तेव्हा मी विचारलं, "घरी का गं नाही बोलत अशी?"

"घरी ती बोलते ना."

"ती कोण?"

"भिंगरी."

"अगं, भिंगरी तूच की."

मोठ्या माणसांच्या अडाणीपणाची सवय असल्यासारखं ती माझ्याकडे बघत राहिली. "आई हाक मारते तेव्हा ती ओ देते. मी पण देते. मग दोघींचं एकदम होतं. म्हणून मी थांबते. मग ती सांगत बसते. तिचं होतच नाही मामा."

"काय सांगते?"

"सगळं." ढब्बू पाय हलवायची थांबली. "नाकातली नळी टोचते म्हणते. काढा म्हणते. पण तिची नळी कुणी काढतच नाही."

दवाखान्यातल्या त्या नळीबद्दल आम्ही घरात कधीही बोललेलो नाही. उशाशी मी होतो, आणि काढ म्हणून ती मला सांगत होती.

त्या संध्याकाळी मी ताईला आणि भाऊजींना समोर बसवून सगळं सांगितलं. मला वाटलं, ताई घाबरेल, किंवा माझ्यावर चिडेल. तिनं दोन्हीही केलं नाही. ती पुढे सरकून बसली. तिचे डोळे मी इतक्या वर्षांत तसे पाहिले नव्हते.

"आणखी काय म्हणाली?"

"ताई—"

"माझ्याबद्दल काही म्हणाली का? मला हाक मारते का ती?"

"ताई, ढब्बू बोलते. अख्खी वाक्यं बोलते. ऐकतेयस ना तू?"

"हो रे, ऐकतेय. पण ती काय म्हणाली?"

तेव्हा भाऊजी उठले. मी त्यांना आवाज चढवताना कधी पाहिलेलं नाही, त्याही दिवशी त्यांनी चढवला नाही. ते ताईजवळ जाऊन खाली जमिनीवर बसले. "गेलेलीला आपण अडवू शकलो नाही," ते म्हणाले. "ही आहे. ही इथे आहे. हिला बोलू दे गं. तुझ्या पाया पडतो." मग ते रडायला लागले आणि ताई त्यांच्या डोक्यावर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिली.

नाव बदलायला तिनं बरेच दिवस घेतले. तिला ते दुसऱ्यांदा पोरीला पोचवून आल्यासारखं वाटत होतं, हे तिनं मला स्वतः सांगितलं. पण शाळेत पुढच्या वर्गाची वेळ जवळ आली आणि तिनं कबूल केलं. ते नाव या घरात पुन्हा घ्यायचं नाही, असं तिघांनी ठरवलं. शाळेतलं नाव भाऊजींनी अर्ज देऊन बदलून घेतलं. घरात काय म्हणायचं, असं पोरीलाच विचारलं, तर तिनं माझ्याकडे बोट केलं. असा त्या काडीच्या नशिबी ढब्बू हा शब्द कायमचा लागला, आणि त्याचं पाप माझ्या माथी.

पहिले काही दिवस ती नुसती कान देऊन बसायची. मग एका सकाळी भाऊजी चहा ओतत होते, तर ती म्हणाली, "बाबा, तुमचा कप सांडतोय, आणि काल पण सांडला होता, आणि मी सांडला म्हणून तुम्ही आईला माझं नाव सांगितलंत." भाऊजींनी कप खाली ठेवून मला फोन केला. मला मागे तिचा आवाज ऐकू येत होता, कपाच्या दांडीबद्दल काहीतरी सांगत होती.

महिन्याभरात अशी बोलायला लागली की भाऊजी दुकानात लवकर जायला लागले. उच्चारांच्या बाईंना तिनं चित्रांमधल्या चुका दाखवल्या. हॉलमधली माझी यंत्रं एकदाही अडखळली नाहीत. मी अहवाल लिहून ती परत नेली. टाचणीनं विचारलं, "सापडलं का कारण?" मी म्हणालो, एका नंबराची दोन होती. "मी सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि तो विषय तिच्यापुरता संपला.

ताई मात्र गप्प होत गेली. काम करायची, जेवायला वाढायची, ढब्बूची वेणी घालायची, पण हाक मारताना दर वेळी तिचे ओठ आधी वेगळ्याच शब्दासाठी जुळायचे आणि मग सुटायचे. मशीनच्या चाकावर हात ठेवून ती बसून राहायची. मला तिचं फार वाईट वाटायचं. एकीला बोलता यावं म्हणून तिनं दुसरीला हाक मारणं सोडलं होतं, आणि या हिशेबात तिला कुणी काहीच दिलं नव्हतं.

एका सुट्टीच्या सकाळी ती ढब्बूला घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली.

"तुझी ती कोठी बघायचीय," ती म्हणाली. "एकदाच. मला एकटीला बसू दे."

"कशाला ताई?"

"घरात नाव घ्यायचं नाही म्हणून शब्द दिलाय, तो मी मोडणार नाही. पण तिथलं काही बाहेर येत नाही ना? तूच म्हणालास." तिनं माझा दंड धरला. "एकदा हाक मारू दे रे. एकदाच. ती वाट बघत असेल."

मी नाही म्हणू शकलो नाही. शिवाय मला पोलादाची खात्री होती. घरातलं जे काही होतं ते कोठीत येत नाही, हे मी स्वतः पाहिलं होतं. ती हाक मारेल, उत्तर येणार नाही, पोटभर रडेल आणि मोकळी होईल, असा माझा हिशेब होता.

ताई आत गेली. स्टुलावर बसली, पदर सारखा केला. मी माझ्या हातानं दार लावलं आणि खिटी फिरवली.

बाहेरच्या टेबलावर तारेने आणलेलं आतलं चित्र दिसतं, आवाज येत नाही. शेजारी आतल्या यंत्रांच्या रेघा. ढब्बू माझ्या खुर्चीला लोंबकळत बडबडत होती. तिच्या मुठीत कागदाची पुडी होती. सकाळीच तिचा पहिला दात पडला होता, खालचा, पुढचा. आईला अजून सांगितलं नव्हतं, तिला चकित करायचं होतं. मला मात्र पुडी उघडून दाखवली. तांदळाच्या दाण्याएवढा दात. फटीतून जीभ बाहेर काढून तिनं तेही दाखवलं.

चित्रात ताईचे ओठ हलले. एकच शब्द.

रेघा सपाट झाल्या.

मी जोडण्या तपासल्या. सगळं ठीक होतं. आतली दोन्ही यंत्रं ऐकत होती आणि थांबत होती. पुन्हा ऐकत होती, पुन्हा थांबत होती, दर वेळी आधीपेक्षा जास्त.

म्हणजे भिंतींचा काही संबंध नव्हता. कधीच नव्हता. संबंध होता तो ताईच्या हाकेचा.

ताई बोलत नव्हती. ती थोडी पुढे वाकून बसली होती. मधूनच मान हलवत होती. एकदा हसली. एकदा तिनं हात पुढे केला आणि हवेत, लहान मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर, दोन बोटांनी काहीतरी हलकेच धरून ओढून काढलं.

मी खिटी फिरवली. दार उघडलं.

ती सावकाश बाहेर आली. तिनं मागे वळून दार स्वतः लावून घेतलं, झोपलेल्या मुलाच्या खोलीचं लावावं तसं, आवाज न करता. तिचा चेहरा उजळला होता. मी तिला इतकं सुखी पाहिलेलं मला आठवत नाही.

"खूप बोलली," ती म्हणाली. "आता नाक दुखत नाही म्हणे. खालचा दात हलतोय तिचा. सारखी जीभ लावते."

मी ढब्बूच्या मुठीतल्या पुडीकडे बघितलं.

ढब्बू धावत गेली. पुडी उंच धरून म्हणाली, "आई, आई, माझा तर—"

ताईनं तिच्याकडे न बघता एक बोट वर केलं. तिची मान बंद दाराकडे तिरकी झाली होती.

"थांब गं जरा. तिचं होऊ दे."

ढब्बूनं तोंड मिटलं. पुडी मुठीत घट्ट धरली आणि तिथेच थांबून राहिली.